राखण आणि हाकणं: सत्तरीतल्या एका कुळागरासाठी कुत्रं निवडताना

मागणी अशी होती: रात्री बिबट्याला हटकेल, दिवसा शेळ्या वळवून आणील, घरच्या पोरांशी लाडानं वागेल आणि परक्या माणसाला फाटकाच्या आत पाऊल ठेवू देणार नाही, असं एकच कुत्रं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, म्हादई अभयारण्याच्या कडेला असलेल्या एका कुळागरातून, म्हणजे पोफळी-माडांच्या बागायतीतून, हे काम माझ्याकडे आलं. मी फोंड्यात राहून कुत्र्यांना वळण लावण्याचं काम करतो. लोक सहसा कुत्रं आणल्यावर येतात, आणि बरेचदा ते कुणाला तरी चावल्यावर. हे कुटुंब आधी आलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे, एकदोन तपशीलही बदलले आहेत.

जागा आणि माणसं

पोफळी, माड, मधून केळी आणि मिरवेली, खालून वाहणारा व्हाळ (ओढा), वरच्या अंगाला मोरड, म्हणजे उंचवट्याची कोरडी जमीन, आणि तिथून सरळ रान. गोठ्यात चार गाई, श्वेतकपिला, म्हणजे गोव्याची स्वतःची नोंद झालेली ती पांढरी बुटकी जात. शिवाय वीस-बावीस शेळ्या, बहुतेक कोकण कन्याळ रक्ताच्या, सिंधुदुर्गातून आणलेल्या. शेळ्या सकाळी एका म्हाताऱ्या राखण्याबरोबर मोरडीवर जातात आणि दुपारनंतर परततात. परतताना शेजाऱ्याच्या बागेत शिरून कोवळी केळ खातात, त्यावरून वर्षातून दोनदा तरी भांडण होतं.

घरात दादा, वहिनी, साखळीच्या कॉलेजात जाणारी मुलगी, सातवीतला मुलगा आणि आजी. २०२४ च्या पावसाळ्यात बिबट्यानं आधी अंगणातलं म्हातारं गावठी कुत्रं नेलं आणि पुढच्या पंधरवड्यात गोठ्यातली एक शेळी. दादा सगळं शेळीबद्दल सांगत होते. मला त्या दोन घटनांचा क्रम महत्त्वाचा वाटला.

दादांच्या मनात कुत्रं ठरलेलं होतं. बेळगावच्या बाजूच्या एका विक्रेत्याकडे एक वेत झालं होतं. बाप अलाबाई, म्हणजे मध्य आशियाई शेफर्ड, आई बेल्जियन मॅलिनॉइस आणि जर्मन शेफर्ड यांची संकर. "राखणही करील, कळपही हाकील," असं त्या माणसानं फोनवर सांगितलं होतं आणि दादांनी विसार देऊन टाकला होता. म्हणजे माझ्याकडे आले ते सल्ल्याला कमी आणि शिक्कामोर्तबाला जास्त. आजी पडवीत सुपारी सोलत ऐकत होत्या. त्यांनी कोंकणीत एकच विचारलं: "आनी ताका दिसभर पळयतलो कोण?" म्हणजे, त्याला दिवसभर बघणार कोण? त्यावर कुणी काही बोललं नाही.

आधी जाळी

बिबट्याला एकटं भिडेल असं कुत्रं कोणतं, या प्रश्नाला माझं उत्तर 'कोणतंच नाही' असं आहे. माणसांच्या वस्तीजवळ राहणाऱ्या बिबट्याचं कुत्रं हे नेहमीचं खाणं आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास करून २०१४ साली जे मांडलं, त्यात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबानं सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या, तरी आहारात त्यांचा वाटा बराच कमी होता. कारण उघड आहे. शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात, कुत्री मोकळी.

मग तुर्कस्तानात, नामिबियात जमतं ते कसं, असं दादांनी विचारलं. व्हिडिओ बघून आलेला माणूस हा प्रश्न विचारतोच. नामिबियात चित्ता संवर्धन निधी ही संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन शेफर्ड पिल्लं देते आहे आणि त्याचा उपयोगही झाला आहे. पण तिथलं मुख्य जनावर चित्ता, आणि चित्ता भांडण टाळतो. कळप उघड्यावर चरतो, कुत्रं लांबून दिसतं, भुंकतं, मध्ये उभं राहतं आणि बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागतं. तुर्की मेंढपाळ लांडग्यांच्या मुलखात एकापेक्षा जास्त कुत्री ठेवतात आणि त्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात. आपल्याकडे हिमालयातले मेंढपाळही तसे पट्टे वापरतात, ते बिबट्यासाठीच. सत्तरीतलं कुळागर म्हणजे दाट सावली, व्हाळाचा आवाज, दहा पावलांवर काही दिसत नाही अशी जागा. इथे दबा धरणाऱ्याचं राज्य. एकटं कुत्रं, मग ते साठ किलोचं का असेना, रात्री मोकळं सोडणं म्हणजे महागडं आमिष ठेवणं.

म्हणून पहिलं काम कुत्र्याचं नव्हतंच. गोठ्याला एका बाजूला छातीएवढी भिंत आणि वर झावळ्या होत्या. तिथे छपरापर्यंत वेल्डमेश बसवली, दाराला आतून-बाहेरून कडी, आणि कौलांखालची फट बंद केली. अंगणात कुत्र्यासाठी वेगळा पिंजरा न बांधता पडवीच्या एका टोकाला ग्रिल लावून घेतलं, म्हणजे कुत्रं रात्री माणसांच्या जवळ आणि जाळीच्या आत. वनखात्याकडे शेळीच्या भरपाईचा अर्ज केला. गोळावलीला जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेनं मेलेले सापडले, ते गाव याच तालुक्यातलं. गुरं गेल्यावर माणूस कुठवर जातो हे सत्तरीत कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून मी हा अर्ज आणि ही जाळी दोन्ही कुत्र्याच्या आधी करायला लावली.

जाळी बसल्यावर दादांना कुत्र्याची गरज किती उरली, हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. ते म्हणाले, "उरली. मला झोप येत नाही." हे कारण मी कमी मानत नाही.

राखणारं रक्त, हाकणारं रक्त

शिकार टप्प्याटप्प्यानं चालते: हेरणं, नजर रोखणं, दबकत सरकणं, पाठलाग, पकड आणि शेवटी मारणारा चावा. कळप हाकणाऱ्या जातींत मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या निवड करून सुरुवातीचे टप्पे धारदार केले आणि शेवटचे बोथट. बॉर्डर कोली मेंढीवर जी नजर रोखते ती शिकाऱ्याचीच. मॅलिनॉइसही मुळात बेल्जियमच्या मेखेलेन भागातली मेंढरांची जात, पण तिच्यात पकड शिल्लक आहे, आणि म्हणूनच ती पोलीस, सीआरपीएफ आणि लष्कर यांच्या कामाला येते. ओसामा बिन लादेनवरच्या २०११ च्या कारवाईत एक मॅलिनॉइस होता हे जगजाहीर झालं आणि 'कमांडो कुत्रा' म्हणून ही जात लोकांच्या डोक्यात बसली.

राखण्या जातींत उलट आहे. कांगाल, अलाबाई, मारेम्मा, हिमालयातला भोटिया, यांच्यासमोरून शेळी धावत गेली तरी त्यांच्यात पाठलाग जागा होऊ नये, अशीच त्यांची निवड झाली. चांगलं राखणं कुत्रं दिवसाचा बराच वेळ कळपात लोळत काढतं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंगर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत अशा कुत्र्यांवर मोठं काम केलं. राखणं कुत्रं कोवळ्या वयात कळपात वाढलं तर कळपाला आपला मानतं, आणि हाकणाऱ्या कुत्र्याच्या अंगात शिकारीचा एक तुकडा जागा असतो, हा फरक त्यांनी स्पष्ट केला. एक कुत्रं शेळीला आपली समजतं, दुसरं शेळीला हलवायची वस्तू समजतं.

आता या दोघांचा संकर. विक्रेता बेरीज सांगतो, पण इथे बेरीज होत नाही. एकाच वेतात एखादं पिल्लू बापासारखं थंड निघेल, दुसरं आईसारखं बाण सुटल्यागत, आणि तिसऱ्यात बापाचा देह नि संशय, आईचा वेग नि पकड असं मिळून येईल. या तिसऱ्याची मला भीती वाटते. पंचेचाळीस-पन्नास किलोचं कुत्रं शेळीचा घोटा धरू लागलं तर ती हाकणी राहत नाही. शिवाय शेळ्या म्हणजे मेंढ्या नव्हेत. मेंढ्या गठ्ठ्यानं पळतात. शेळ्या फुटतात, आणि एखादी वळून शिंग दाखवते. तिथे उतावळं कुत्रं चावतंच. हाकणाऱ्या कुत्र्याला शिट्टीवर थांबवणारा, डावं-उजवं सांगणारा माणूस लागतो, आणि तसं शिक्षण शेळ्यांवर देणारं गोव्यात कुणी मला माहीत नाही. मी स्वतः देत नाही.

अनोळखी माणसाबाबतचा धोकाही यातूनच येतो. राखणं कुत्रं परक्याला लांबून सांगतं, थांबतं, पुन्हा सांगतं. मॅलिनॉइसचा विचार आणि कृती यांत फार अंतर नसतं. गोव्यातल्या घराकडे दिवसभर माणसं येत असतात: सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून पदेर (पाववाला), मग स्कूटरवरून मासळीवाला, पोफळींचे कामगार, नारळ काढायला पाडेली, आणि चवथीला घरात मावणार नाहीत इतके पाहुणे. सायकल आणि स्कूटर दोन्ही हलणाऱ्या वस्तू.

कागद

कायद्याचं थोडक्यात. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं मार्च २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून काही 'हिंस्र' जातींची आणि त्यांच्या संकरांचीही आयात, पैदास आणि विक्री रोखायला सांगितलं होतं. त्या यादीत पिटबुल, रॉटवायलर यांच्याबरोबर कांगाल आणि मध्य आशियाई शेफर्डही होते. कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल २०२४ मध्ये ते पत्र रद्द केलं. पुढे ऑगस्टमध्ये हणजुणेला पिटबुलच्या हल्ल्यात एक लहान मुलगा गेला आणि गोव्यातही बंदीची मागणी जोरात आली. २०२५ मध्ये त्यासंबंधीचं विधेयक विधानसभेपर्यंत आलं. दादांना मी एवढंच सांगितलं की तुम्ही ज्या बापाचं पिल्लू घेताय त्याचं नाव एकदा यादीत येऊन गेलं आहे, उद्या पुन्हा येऊ शकतं, आणि यादीत संकरही धरतात.

दुसरा कागद २०१७ च्या पैदास आणि विक्री नियमांचा. पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. आमचा विक्रेता सहाव्या आठवड्यात पिल्लू न्या म्हणत होता, नोंदणीचं विचारलं तर विषय बदलत होता. एरवी इथेच मी थांबा म्हटलं असतं, आणि म्हटलंही. दादा विसार सोडायला तयार नव्हते. मग निदान आई-बाप बघू, असं ठरलं.

आई-बाप

पिल्लांच्या चाचण्यांवर माझा फारसा विश्वास नाही. सात आठवड्यांच्या पिल्लाला उताणं धरून, चावी आपटून, टॉवेल ओढून जे दिसतं त्यावरून मोठेपणीचा स्वभाव सांगता येत नाही. आई-बाप मात्र बरंच सांगतात.

बाप शेतघराच्या कोपऱ्यात साखळीला होता. आम्ही उतरताच भुंकला, जाड आवाजात, जागेवरून. मालकानं सोडल्यावर आमच्या आणि मालकाच्या मध्ये येऊन उभा राहिला. दादांनी हात पुढे केला तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. कोंबड्या पायांतून गेल्या, त्यानं पाहिलंही नाही. मला तो आवडला. साखळीवर ठेवणारा माणूस आवडला नाही, तो भाग वेगळा.

आई पिंजऱ्यात गोल गोल फिरत होती, एकाच दिशेनं, थांबत नव्हती. विक्रेता कौतुकानं म्हणाला, "एनर्जी बघा!" ती एनर्जी नव्हती. काम न मिळालेलं, कोंडलेलं जनावर असं फिरतं. बाहेर काढल्यावर तिनं बादलीची कडी तोंडात धरली ती सोडेना. पलीकडच्या बांधावरून कुणाच्या तरी शेळ्या चालल्या होत्या. ती एकदम गप्प झाली, मान खाली, एक पाय वर, डोळे तिकडे. मुलीनं ते आधी टिपलं. "आई, ही बघ कशी झाली," असं ती वहिनींना हळूच म्हणाली. दादांना तेच हवं होतं, ते खूश झाले. मी मात्र त्या क्षणी शेळ्यांच्या राखणीचा विषय मनातून पुसून टाकला आणि तसं त्यांना परतीच्या वाटेवर सांगितलं: या आईचं पिल्लू तुम्ही घरासाठी घ्या, बागेसाठी घ्या, शेळ्यांसाठी घेऊ नका.

वेतात सात पिल्लं होती. दादांचा डोळा अस्वलाच्या डोक्याच्या एका नरावर, जो बाकीच्यांना तुडवून पुढे येत होता. वहिनींना कोपऱ्यात बसलेल्या लहानशा मादीची दया आली. दोन्ही नाही म्हटलं. दांडगा नर अनुभवी माणसाच्या हातात ठीक, आणि घाबरट राखणं कुत्रं तर सगळ्यांत वाईट, कारण भीतीनं चावणारं कुत्रं कधी चावेल ते सांगता येत नाही. मधली एक भुरी मादी होती. पत्र्याचा आवाज झाला तशी दचकली, मागे सरली आणि थोड्या वेळानं स्वतःहून पत्रा हुंगायला गेली. मुलगी खाली बसली तर तिच्याकडे आली, मुलगी उठून गेली तर मागोमाग चालली. मला एवढं पुरतं: दचकून सावरणं आणि माणसाचा मागोवा घेणं. मादी घेण्याचं आणखी एक कारण वजन होतं. आठ आठवडे भरेपर्यंत तिला आईपाशीच ठेवायला लावलं, त्यासाठी विक्रेत्याला चार पैसे जास्त द्यावे लागले.

पहिलं वर्ष

घरी नेण्याआधी एक गोष्ट वदवून घेतली: भुरीचं माणूस कोण. दादा दिवसभर कामात, त्यामुळे नाव मुलीचं ठरलं. सकाळी कॉलेजला जाण्याआधी आणि परतल्यावर तिचा वेळ, मधला वेळ वहिनींचा. आजींचा प्रश्न असा मार्गी लागला.

औषधपाण्यातल्या तीन गोष्टी इथे नोंदवतो, कारण मोठ्या संकर कुत्र्यांच्या बाबतीत त्या सारख्या चुकवल्या जातात. पहिली कॅल्शियमची बाटली. मोठ्या हाडाच्या पिल्लाला वरून कॅल्शियम पाजणं घातक आहे, हाडांची वाढ बिघडते. चांगला पिल्लांचा आहार पुरतो, आणि वाढ सावकाश झालेली बरी. दुसरी गोचीड. सत्तरीत गोचीड म्हणजे माणसांनाही माकडतापाची धास्ती, कुत्र्यांना बबेसिया आणि एर्लिचियाचा ताप. गोचिडीचं औषध वर्षभर चालू ठेवावं लागतं. तिसरी आयव्हरमेक्टिन. कोली घराण्यातल्या आणि काही जर्मन शेफर्ड कुत्र्यांत एमडीआर१ या जनुकात दोष असतो, त्यांना या औषधाची मोठी मात्रा मेंदूपर्यंत पोचून जीवघेणी ठरते. हाकणाऱ्या रक्ताच्या संकरात नेमकं काय आलं आहे ते डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून खरजेसाठी गुरांचं इंजेक्शन कुणी टोचू नये, हे गोठ्याच्या दारावर लिहून ठेवायला लावलं. लेप्टोस्पायरोसिसची लस पावसाळ्याआधी आणि रेबीजची वेळच्या वेळी. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाला, ते लसीकरणाच्या जोरावर. बाहेरून कुत्रं आणणाऱ्यानं तर जास्तच जपायला हवं.

पिल्लाचे तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्याचे दिवस ओळखी करून घेण्याचे. लसी पूर्ण व्हायच्या असतात, म्हणून पिल्लू जमिनीवर न सोडता मुलगी तिला काखेत घेऊन फाटकाशी उभी राहायची. पदेर आला की उंड्याचा (पावाचा) एक तुकडा. मासळीवाला आला की बांगड्याचं शेपूट, शिजवलेलं. पाडेलीच्या खांद्यावरचा दोर हुंगायला दिला. शेळ्या जाळीपलीकडून दाखवल्या, आणि आत नेलं ते एका म्हाताऱ्या शेळीच्या हवाली. तिनं पहिल्याच दिवशी भुरीला शिंगावर घेतलं. इतकं चांगलं शिक्षण मला देता आलं नसतं.

सातव्या महिन्यापर्यंत सगळं गुळगुळीत. दादा मला फोन करून टोमणे मारायचे की तुमचा अंदाज फसला, कुत्री शेळ्यांत बसते. मग एका संध्याकाळी शेळ्या मोरडीवरून उतरताना एक करडू उड्या मारत सुटलं, आणि भुरीनं मान खाली घातली. मुलीनं हाक मारेपर्यंत तिनं करडाचा मागचा पाय धरला होता. सोडला लगेच, पण कातडं फाटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, या वेळी दोन शेळ्यांना.

या वयात राखण्या जातींची पिल्लंही कधी कधी शेळ्यांशी दंगा करतात आणि मोठी झाल्यावर निवळतात. म्हणून लोक 'सुधारेल' म्हणून वाट पाहतात. भुरीचं वेगळं होतं. तिच्यात खेळाचा भाग नव्हता: शेपूट स्थिर, तोंड मिटलेलं, आवाज नाही. अशा पाठलागाचं बक्षीस पाठलागातच असतं, प्रत्येक वेळी तो पक्का होतो. मारून, शॉकचा पट्टा लावून तो दाबायचा म्हटलं तर आईकडून आलेला ताण दुसरीकडे, बहुधा माणसावर, फुटण्याचा धोका. त्या दिवसापासून शेळ्या बाहेर असताना भुरी दोरीवर किंवा ग्रिलमध्ये, हा नियम झाला. दादा रुसले. त्यांच्या मते कुत्रं घेतलं ते शेळ्यांसाठी, आणि आता शेळ्यांपासूनच कुत्रं राखायचं. त्यांचं म्हणणं खरं होतं.

अंगातला जोर मात्र दोरीनं जात नाही, त्याला काम लागतं. ते काम माकडांनी पुरवलं. नारळ आणि केळी यांची नासधूस करणारी टोळी रोज ठरलेल्या वेळी यायची. मुलीनं लांब दोरीवर भुरीला बांधाच्या कडेनं फिरवायला सुरुवात केली: माकडं दिसली की भुंक, बांधावर थांब, हाकेला परत. रानात शिरायचं नाही, हा नियम सगळ्यांत कडक, कारण पलीकडे अभयारण्य आहे, आणि मोठा वानर कुत्र्याला फाडतो. 'थांब' पक्कं व्हायला पावसाळा गेला. शिवाय संध्याकाळी वास काढण्याचा खेळ, पोफळींच्या आळ्यांत लपवलेली मुलाची चप्पल शोधून आणायची. या खेळानं ती जितकी दमते तितकी धावण्यानं दमत नाही.

बापाचं रक्त सव्वा वर्षाची होताना दिसू लागलं. सांगितल्याशिवाय संध्याकाळी कुळागराच्या कडेनं एक फेरी, ओळखीच्या ठिकाणी थांबणं, हवेत नाक. परक्यावर भुंकणं वाढलं. याच सुमारास पाडेलीचा प्रकार घडला. तो ओळखीचाच, पण त्या दिवशी भुरी आत असताना येऊन माडावर चढला. वहिनींनी ते न पाहता तिला सोडलं. ती बुंध्याशी जाऊन बसली. भुंकली नाही, उडी मारली नाही, नुसती वर बघत बसली. वहिनींच्या हाकेला कान हलवी, जागा सोडीना. पाडेली मुलगी बसमधून उतरेपर्यंत वरच होता, आणि खाली आल्यावर त्या दिवसाची मजुरी दुप्पट मागून घेऊन गेला. गावात हा किस्सा हसून सांगितला जातो. मी हसलो नाही. त्यानंतर फाटकाला घंटा आली आणि घंटा वाजली की भुरी ग्रिलमध्ये, हा सराव सुरू झाला. चवथीचे दिवस ती आतल्या खोलीतच काढते, आणि जत्रेच्या फटाक्यांच्या रात्री मुलगी तिच्याजवळ बसते.

शेळ्यांचं काय

शेळ्यांसाठी मी सुरुवातीपासून दुसरं सुचवत होतो: राखण्याच्याच गावठी कुत्रीचं पिल्लू, शेळ्यांतच वाढवलेलं. संकर असणं हा दोष नव्हेच. अमेरिकेतल्या नवाहो मेंढपाळांची राखणी कुत्री कुठल्याच जातीची नसतात. साधी मिश्र कुत्री, पण लहानपणापासून कळपात ठेवलेली, आणि ती लांडग्याच्या जातकुळीतल्या कोयोटीपासून मेंढ्या राखतात. चार्ल्स डार्विननं १८३३ मध्ये उरुग्वेच्या मुलखात हेच पाहिलं होतं: पिल्लाला फार लवकर आईपासून तोडून मेंढीचं दूध पाजतात, मेंढवाड्यात लोकरीचं अंथरूण देतात, दुसऱ्या कुत्र्यांशी आणि पोरांशी खेळू देत नाहीत. इतक्या लवकर तोडायची गरज नाही, पण तत्त्व तेच.

दादांना गावठी पिल्लू कमीपणाचं वाटत होतं. करडाचा पाय फाटल्यावर ते मान्य झालं. काळं-पांढरं ते पिल्लू दोन महिन्यांचं असल्यापासून शेळ्यांच्या बाजूच्या कप्प्यात वाढलं. ते काही हाकत नाही. शेळ्यांबरोबर मोरडीवर जातं, सावलीत बसतं, काही हललं की भुंकतं, आणि राखण्या सावध होतो. शेळ्या शेजाऱ्याच्या बागेत अजूनही शिरतात. त्यावरचा उपाय कुत्रं नसून कुंपण आहे, आणि कुंपणाच्या खर्चावरून दादा नि शेजारी अजून बोलत आहेत.

हिवाळ्यात व्हाळाच्या रेतीत बिबट्याचे ठसे दिसले. त्या रात्री भुरी ग्रिलच्या आतून बराच वेळ भुंकली होती, घरातले सगळे उठले, दिवे लागले. काही गेलं नाही. ठसा भुंकण्याच्या आधीचा की नंतरचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. दादा मात्र तो भुरीच्या खात्यावर जमा करतात.

सध्या तिचं वजन अडतीस किलोच्या आसपास आहे. तिची नसबंदी वाढ पूर्ण होईपर्यंत मुद्दाम थांबवली होती. पुढच्या माजाच्या आधी, पावसाळ्यापूर्वी, ती करून घ्यायची आहे. दोन वर्षांची झाली की खुब्याचा एक्स-रे काढायचा, कारण आजोळकडून जर्मन शेफर्ड आहे आणि त्या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष वारशानं येतो. मुलगी पुढच्या शिक्षणासाठी पणजीला जायचं म्हणते आहे. ती गेली तर भुरीचं माणूस कोण, यावर घरात बोलणं सुरू आहे. सातवीतला मुलगा आता नववीत गेला आहे आणि 'थांब' त्याच्या आवाजातही शिकवायला घेतलं आहे. विक्रेत्याचा फोन येऊन गेला, त्याच जोडीचं नवीन वेत झालं आहे, नर हवा का म्हणून. दादांनी मला विचारलं. मी नको म्हटलं, वहिनींनी माझ्याआधी म्हटलं होतं.